निरोपाचा कागद

वर्धा हें शहर म्हणावें तर लहान आणि गांव म्हणावें तर मोठें आहे. १८६२ सालीं नागपूर जिल्ह्याचा कांहीं भाग वेगळा काढून हा जिल्हा करण्यांत आला आणि त्यानंतर चार वर्षांनीं पालकवाडी नांवाच्या खेड्याच्या जागीं जिल्ह्याचें ठाणें वसविण्यांत आलें. ज्या नदीचें नांव जिल्ह्यास मिळालें ती शहरास लागून वाहत नाहीं. ती दूर पश्चिमेस अमरावती आणि यवतमाळ या जिल्ह्यांच्या शिवेवरून जाते. शिवार बहुतेक काळ्या जमिनीचें. त्यांत कापूस, तूर आणि अलीकडच्या काळांत सोयाबीन. आर्वीकडे जा, देवळीकडे जा, कीं हिंगणघाटाकडे जा, उन्हाळ्यांत तापलेली धूळ आणि पावसाळ्यांत पायास चिकटणारा चिखल हेंच विदर्भाचें परिचित दर्शन घडतें. केवळ सृष्टिशोभा पाहण्याच्या हौसेनें निघालेल्या प्रवाशानें येथें मुद्दाम वांकडी वाट करून यावें, असें येथें फारसें कांहीं नाहीं.

आणि तरीही दूरदेशींच्या माणसांचे पाय या भूमीस जितके लागले आहेत, तितके आपल्याकडील फारच थोड्या जिल्ह्यांच्या ठिकाणांस लागले असतील. इंग्लंडांतून, जपानांतून, चीनमधून आणि इतर अनेक देशांतून माणसें येथें आलीं, राहिलीं आणि एके दिवशीं निघून गेलीं. त्यांच्या येण्याच्या कथा पुष्कळांनीं लिहिल्या आहेत. त्यांच्या जाण्याची कथा मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. या लेखांत वर्ध्याची वाट चालतांना ती दुसरी बाजू पाहण्याचा विचार आहे. आज आपल्यापैकीं पुष्कळ घरांतील मुलें, मुली, सुना आणि जांवई परदेशीं आहेत. त्यांना येथून पाठवितांना आपण जितकी दक्षता घेतों, तितकी त्यांच्या तेथून निघण्याविषयीं घेत नाहीं. म्हणून हा विषय केवळ इतिहासाचा नसून आपल्या माजघरांतलाही आहे.

आपल्याकडे घरांतून निघणारा माणूस ‘जातों’ म्हणत नाहीं, ‘येतों’ म्हणतो. चुकून एखाद्या मुलाच्या तोंडून पहिला शब्द गेलाच, तर देवघरांतून आजी तत्काळ तो दुरुस्त करते. हातावर दही घालून त्याला उंबऱ्याबाहेर सोडतात. जाणें आणि परत येणें हीं एकाच दोरीचीं दोन टोकें आहेत, हें आपल्या वाडवडिलांनीं एका शब्दांत सांगून ठेवलें आहे. सरकारदरबारींही असाच एक ‘येतों’ असतो. मात्र तो तोंडानें म्हणून भागत नाहीं, तो कागदावर असावा लागतो. परदेश सोडतांना तो नीट उमटला, तर त्या देशाचें दार पुन्हां उघडतें; न उमटला, तर तें वर्षानुवर्षें बंद राहूं शकतें. निघतेवेळचा कागद हा खरोखर परतीचा कागद असतो. हा धडा वर्धा जिल्ह्यांत जितक्या स्वच्छपणें वाचावयास मिळतो, तितका दुसरीकडे क्वचितच मिळेल.

प्रारंभ अर्थातच सेवाग्रामापासून केला पाहिजे. वर्ध्याहून हें गांव सुमारें आठ किलोमीटरांवर आहे. महात्मा गांधी जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून १९३४ सालीं वर्ध्यास आले आणि १९३६ च्या एप्रिलच्या अखेरीस शेगांव या लहानशा खेड्यांत राहावयास गेले. बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांव हें अधिक प्रसिद्ध असल्यामुळें पत्रांचा घोटाळा होऊं लागला. म्हणून १९४० सालीं या गांवाचें नांव सेवाग्राम असें ठेवण्यांत आलें. नांवांतील एका अक्षराच्या फरकानें टपाल चुकतें, ही अडचण ज्याला कळली, त्याला कागदाचें सामर्थ्य सांगावयास नको. आश्रमांत पाहण्यासारखें म्हणजे मातीच्या भिंती, बांबू, कवलें आणि शेणानें सारवलेली जमीन. जिला आज बापू-कुटी म्हणतात ती झोंपडी मुळांत मीराबहेन यांची. या इंग्रज बाई १९२५ सालीं हिंदुस्थानांत आल्या, येथील कारागृहांतही राहिल्या आणि १९५९ सालीं हा देश सोडून गेल्या. पुढें त्यांचें वास्तव्य ऑस्ट्रिया देशांत झालें आणि तेथेंच १९८२ सालीं त्यांचें निधन झालें.

या कुटींत बसणाऱ्या पुरुषाच्या आयुष्याची मोठी लढाई एका परवान्यापासूनच सुरू झाली होती, हें येथें उभें राहिल्यावर आठवल्याशिवाय राहत नाहीं. दक्षिण आफ्रिकेंतील ट्रान्सवाल प्रांतानें हिंदी लोकांस नांवनोंदणी करून हाताच्या बोटांचे ठसे द्यावयास लावणारा आणि तो दाखला सदैव जवळ बाळगावयास सांगणारा कायदा आणला. ११ सप्टेंबर १९०६ रोजीं जोहान्सबर्ग येथील एम्पायर नाट्यगृहांत सभा भरली आणि त्या कायद्यापुढें मान न वांकविण्याची शपथ घेतली गेली. पुढें तडजोड झाली. हिंदी लोकांनीं स्वखुषीनें नोंदणी केली, तर सक्तीचा कायदा रद्द होईल अशी त्यांची समजूत करून देण्यांत आली. लोकांनीं नोंदणी केली. कायदा मात्र राहिला. तेव्हां १६ ऑगस्ट १९०८ रोजीं हमीदिया मशिदीच्या आवारांत मोठ्या कढईंत दोन हजारांहून अधिक दाखल्यांची होळी झाली.

ही कथा सर्वांस ठाऊक आहे. तिच्या शेवटाकडे मात्र सहसा लक्ष जात नाहीं. १९१४ सालीं जो समेट झाला, त्यांत तीन पौंडांचा कर उठला आणि हिंदी पद्धतीच्या विवाहांस मान्यता मिळाली. त्याच कायद्यांत आणखी दोन कलमें होतीं. एकानें असें ठरविलें कीं, नाताळांतील रहिवासाच्या ज्या दाखल्यावर धारकाच्या अंगठ्याचा ठसा आहे, तो दाखला धारकाची ओळख पटतांच त्याच्या प्रवेशाच्या हक्काचा निर्णायक पुरावा समजावा. ज्या ठशाविरुद्ध लढा झाला, तोच ठसा आतां परतणाऱ्या माणसाचा आधार झाला! यांत विसंगति नाहीं. लढा शाईविरुद्ध नव्हता. माणसास गुन्हेगार समजून त्याच्याकडून ठसा घेण्याविरुद्ध होता. तीच शाई हक्काची खूण म्हणून आली, तेव्हां ती स्वीकारण्यांत कमीपणा वाटला नाहीं.

दुसरें कलम अधिक विचार करण्याजोगें आहे. जो हिंदी मनुष्य आपला तेथील रहिवासाचा हक्क लेखी सोडून देईल, त्याला सरकारी खर्चानें मायदेशीं पोंचविण्याची तरतूद त्यांत होती. फुकट तिकीट मिळत होतें. त्याची किंमत मात्र परतीच्या वाटेनें चुकती करावयाची होती. घरीं जाण्याच्या ओढीनें ज्यानें त्या कागदावर अंगठा उठविला, त्यानें बोटींत पाय ठेवतांनाच मागचा दरवाजा स्वतःच्या हातानें लावून घेतला. निघतांना कोणत्या कागदावर आपण सही करीत आहों आणि त्या सहीनें काय सोडीत आहों, हें वाचून पाहण्याची आवश्यकता याहून स्पष्टपणें सांगतां येणार नाहीं. १८ जुलै १९१४ रोजीं गांधींनीं स्वतः दक्षिण आफ्रिकेचा निरोप घेतला, तो कायमचा.

सेवाग्रामच्या प्रार्थनेस जो प्रवासी बसेल, त्याला आरंभींच एक अनोळखी मंत्र ऐकूं येईल. तो जपानी बौद्धांचा आहे. फूजी गुरुजी या नांवानें आपल्याकडे ओळखले जाणारे भिक्षु निचिदात्सु फूजी हे १९३१ सालीं हिंदुस्थानांत आले आणि १९३३ सालीं वर्ध्यास त्यांची व गांधींची भेट झाली. पुढें त्यांच्या पंथाचा एक जपानी साधु आश्रमांत राहिला. सकाळ-संध्याकाळ लहानसा ढोल वाजवीत तो आपला मंत्र म्हणे आणि नेमून दिलेलें काम निमूटपणें करी. १९४१ च्या डिसेंबरांत जपाननें इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारलें आणि त्या साधूस आश्रमांतून नेण्यांत आलें. माणूस तोच होता, त्याचा ढोलही तोच होता. दोन सरकारांमधील नातें तेवढें एका दिवसांत पालटलें, आणि काल जो अतिथि होता तो आज शत्रुराष्ट्राचा प्रजानन ठरला. १९४२ च्या जुलैंत जपानी जनतेस उद्देशून लिहिलेल्या पत्रांत गांधींनीं त्या साधूची आठवण काढली आणि त्याची प्रार्थना व ढोल हीं आश्रमानें कशीं जपून ठेविलीं आहेत, तें सांगितलें.

वर्ध्यास गोपुरीच्या बाजूस गेलें म्हणजे गीताई मंदिराच्या जवळ जपानी धर्तीचा शुभ्र विश्वशांति स्तूप दिसतो. फूजी गुरुजींच्या प्रेरणेचें तें स्मारक आहे. ज्या गांवाजवळून एका जपानी साधूस पोलिसांच्या सोबतीनें जावें लागलें, त्या गांवानें त्याच्या पंथास पुन्हां सन्मानानें जागा दिली, ही गोष्ट वर्ध्याच्या स्वभावाला शोभण्यासारखीच आहे. तथापि प्रत्येक गांव वर्धा नसतें आणि प्रत्येक सरकारास आठवण धरून मन मोठें करणें साधत नाहीं, हें दाखविणारी दुसरी कथाही याच मातीची आहे.

ती कथा पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची. त्यांचें बालपण वर्ध्यास गेलें. प्राथमिक शिक्षण येथेंच झालें आणि पुढील शिक्षणासाठीं ते नागपुरास गेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत हा तरुण क्रांतीच्या ध्येयानें घर सोडून निघाला. जपान झाला, अमेरिका झाली. अमेरिकेंत शेतकीचें शिक्षण घेतां घेतां पॅसिफिक किनाऱ्यावरील हिंदी लोकांच्या चळवळींत, जिच्यांतून पुढें गदर पक्ष उभा राहिला, त्यांनीं मोठा भाग घेतला. पहिल्या महायुद्धाच्या काळांत ते इराणच्या बाजूनें इंग्रजांविरुद्ध लढण्याच्या खटपटींत होते. इंग्रज सरकारच्या काळ्या यादींत त्यांचें नांव गेलें आणि मायदेशाचा मार्ग बंद झाला.

त्यांच्या तारुण्यांत परदेशीं जाणें हें आजच्या मानानें किती सोपें होतें, हें येथें सांगितलें पाहिजे. १९१४ चें महायुद्ध सुरू होण्यापूर्वीं हिंदुस्थानाबाहेर जाण्यास पासपोर्ट सक्तीचा नव्हता. बोटीचें भाडें आणि अंगांत हिंमत असली कीं मनुष्य निघत असे. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनीं १९०२ सालीं सिंहलद्वीप गांठलें आणि तेथें बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, ती याच काळांत. हे कोसंबी १९४७ सालीं सेवाग्रामींच निवर्तले, हाही एक योगायोग. महायुद्धानें मात्र दारोदार पहारे बसविले. हिंदुस्थानांत येणाऱ्यांसाठीं १९२० सालीं पासपोर्टाचा कायदा झाला, १९३९ सालीं परकीयांच्या नोंदणीचा झाला, १९४६ सालीं परकीयांविषयींचा सर्वसाधारण कायदा झाला. खानखोजे निघाले तेव्हां मोकळी असलेली वाट त्यांच्या पाठीमागें अशी एकेका फाटकानें बंद होत गेली.

१९२४ सालीं ते मेक्सिकोस पोंचले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयांत त्यांनीं अध्यापन केलें, मक्याच्या वाणांवर संशोधन केलें आणि गरीब शेतकऱ्यांसाठीं मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकारानें मेक्सिको शहरांतील शिक्षणखात्याच्या इमारतींत भिंतीवर काढलेल्या चित्रांत मेजावर बसून सर्वांस भाकर वांटणारा जो पुरुष आहे, तो हा वर्ध्याचा मराठी गृहस्थ होय. १९३६ सालीं त्यांनीं एका बेल्जियन विदुषीशीं विवाह केला. परक्या देशानें त्यांना मान दिला, काम दिलें, घर दिलें. चापिंगो येथें २०२२ सालीं त्यांच्या पुतळ्याचें अनावरण झालें. तरी मन वर्ध्या-नागपुराकडेच होतें.

१९४७ सालीं देश स्वतंत्र झाला. ज्या हेतूनें घर सोडलें तो सिद्धीस गेला. आतां परतण्यास अडचण कोणती? परंतु खानखोज्यांनीं परतण्याची परवानगी मागितली, तेव्हां ती आरंभीं नाकारण्यांत आली. कारण इंग्रजांनीं केलेल्या काळ्या यादींत त्यांचें नांव तसेंच होतें! ज्यांनीं ती यादी लिहिली ते निघून गेले, ज्यांच्याविरुद्ध लिहिली त्यांचें राज्य आलें, तरी यादी आपल्या जागीं शाबूत होती. कोणाचाही दुष्टावा नसतांना केवळ एक नोंद खोडावयाची राहिल्यामुळें देशभक्तास देशाच्या दारांत तिष्ठत राहावें लागलें. पुढें ती बंदी उठली. १९५५ सालीं ते कुटुंबासह हिंदुस्थानांत कायमचे परतले, नागपुरास राहिले आणि २२ जानेवारी १९६७ रोजीं तेथेंच त्यांचें निधन झालें. तरुणपणीं निघालेला मनुष्य सत्तरीच्या आसपास घरीं आला. घरांतील वडीलधारी मंडळी तोंवर वाट पाहत थांबली असतील काय, याचा हिशेब वाचकांनींच करावा. माणसें जातात, राज्यें जातात, नोंदी राहतात. म्हणून आपल्या नांवापुढें कोणती नोंद ठेवून आपण निघतों, याविषयीं मनुष्यानें जागरूक असलें पाहिजे.

आतां आजच्या वर्ध्याकडे वळूं. शहराच्या बाहेर टेकडीवर महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाच्या इमारती आहेत. १९७५ च्या जानेवारींत नागपुरास पहिलें विश्व हिंदी संमेलन भरलें, त्यांत अशा विद्यापीठाची कल्पना निघाली. संसदेच्या कायद्यानें तें १९९७ सालीं प्रत्यक्षांत आलें. हिंदी शिकण्यासाठीं येथें परदेशचे विद्यार्थी येतात. कापसाच्या या मुलुखांत एखादी परकी मुलगी शुद्ध हिंदींत भाजीचा भाव विचारते, हें ऐकून कौतुक वाटतें. पण अभ्यासक्रमाबरोबर या विद्यार्थ्यांस आणखी एक अभ्यास करावा लागतो. एकशें ऐंशीं दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्या विद्यार्थ्यास आल्यापासून चौदा दिवसांच्या आंत नोंदणी करावी लागते. मोठ्या शहरांत त्यासाठीं स्वतंत्र प्रादेशिक कार्यालय असतें. इतर जिल्ह्यांत तें काम जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे असतें. २०१८ पासून बहुतेक अर्ज घरबसल्या संगणकावरून करतां येतात. परक्या नागरिकास जागा देणाऱ्यानें, मग तें हॉटेल असो, वसतिगृह असो, कीं एखाद्या गृहस्थाचें घर असो, त्याच्या आगमनाची खबर चोवीस तासांच्या आंत द्यावयाची असते. १ सप्टेंबर २०२५ पासून आपल्या देशांत या विषयावरील जुन्या चार कायद्यांच्या जागीं एकच नवा कायदा लागू झाला. पण आल्याची वर्दी द्यावी आणि गेल्याचीही नोंद राहावी, हें मूळ तत्त्व तसेंच आहे.

ज्याचा व्हिसा चालू आहे, नोंदणी बिनचूक आहे आणि पासपोर्ट हातीं आहे, त्यास जातांना निराळी परवानगी सहसा लागत नाहीं. विमानतळावर शिक्का पडला कीं झालें. प्रश्न येतो तो घडी विसकटली म्हणजे. समजा, परीक्षेचा निकाल लांबला आणि मुदत संपून गेली. किंवा आगगाडींत पासपोर्ट हरवला आणि वकिलातीनें नवा दिला, पण त्यावर आपल्या देशाचा व्हिसा नाहीं. किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयांत एखाद्या परदेशी दांपत्यास मूल झालें. त्या तान्ह्या बाळानें या देशांत प्रवेश केलाच नाहीं. मग त्याच्या पासपोर्टावर व्हिसा कोठून असणार? अशा प्रत्येक प्रसंगीं निर्गमनाचा परवाना काढावा लागतो. पासपोर्ट, जुना व्हिसा, नोंदणीचा दाखला, हरवल्याची पोलिसांतील फिर्याद, बाळाचा जन्मदाखला आणि घडलें त्याचें कारण सांगणारें पत्र, असा तो संच असतो; मुदत उलटली असल्यास दंडही भरावा लागतो. विमानाच्या आदल्या दिवशीं हें सुचून उपयोग नाहीं. मुंबईच्या विमानतळावर सामान सोडवून झाल्यावर पुन्हां वर्ध्याची गाडी धरावी लागणें, यासारखा मनस्ताप नाहीं.

हा पाहुण्यांचा प्रकार झाला. आतां आपलीं मुलें दुसऱ्यांचे पाहुणे असतात, तेथें काय? प्रत्येक देशाची रीत निराळी आहे आणि ती जातांनाच माहीत करून घेणें इष्ट. जर्मनींत घर सोडून देशाबाहेर जाणाऱ्यानें नगरकचेरींत आपलें नांव कमी करून घ्यावयाचें असतें. घर सोडल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत तें झालें पाहिजे. जपानांत राहण्याचें कार्ड असलेला मनुष्य सुटींत घरीं निघाला, तर त्यानें विमानतळावरील चिठ्ठींत ‘पुन्हां प्रवेश करणार’ अशा अर्थाच्या चौकोनांत खूण करावयाची असते. ती खूण राहिली, तर त्याचा तेथें राहण्याचा दर्जाच संपुष्टांत येऊं शकतो. आपल्या आजीचा ‘येतों’ जपानी सरकारनें एका चौकोनांत बसविला आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं. सौदी अरबस्तानांत परतीसह जाण्याचा परवाना वेगळा आणि कायमचें जाण्याचा वेगळा. दुसरा घेतला कीं तेथील वास्तव्याचा हक्क संपला. नोकरी सोडून येणाऱ्यानें आपण यांपैकीं कोणता घेत आहों, हें विचारून घ्यावें.

अमेरिकेची रीत तर याहून फसवी आहे. कारण तेथें निघतांना कोणी अधिकारी पासपोर्ट पाहून शिक्का मारीतच नाहीं. विमानकंपनीनें दिलेल्या यादीवरून गेल्याची नोंद होते. म्हणून मनुष्यास वाटतें कीं, जाण्यास नियमच नाहींत. वस्तुतः तेथें व्हिसावरील तारीख आणि राहण्याची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; प्रवेशाच्या वेळीं केलेल्या नोंदींत जी तारीख असते तीच राहण्यास लागू. १९९६ सालीं झालेल्या कायद्याप्रमाणें मुदतीबाहेर एकशें ऐंशीं दिवसांहून अधिक पण वर्षाहून कमी राहून जो देश सोडतो, त्यास तीन वर्षें, आणि वर्ष किंवा अधिक राहून सोडतो त्यास दहा वर्षें पुन्हां प्रवेशाची बंदी होते. यांतली खोंच अशी कीं, ती बंदी देश सोडल्यावर लागू होते! दार बाहेरून ओढून घेतल्यावर मग कुलूप पडतें. अशा मुलानें आईच्या आजाराची तार आल्याप्रमाणें धांवत निघण्यापूर्वीं तेथील जाणत्या वकिलाचा सल्ला घेतलाच पाहिजे. ज्यांची मुदत स्वच्छ आहे त्यांनींही विमानाच्या बैठकीचा कागद जपून ठेवावा. नोंद चुकली, तर वेळेवर निघाल्याचा तोच पुरावा.

घरांतल्या वडील मंडळीनें दोन गोष्टी विशेष लक्षांत ठेवाव्या. परदेशीं जन्मलेल्या नातवंडाचा जन्म एक वर्षाच्या आंत तेथील आपल्या वकिलातींत नोंदविला, तर त्याच्या नागरिकत्वाचा प्रश्न सुलभ होतो. पुढें केव्हां तरी करूं म्हणून टाळल्यास तो अवघड होतो. तसेंच मुलानें दुसऱ्या देशाचें नागरिकत्व घेतलें, कीं १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणें त्याचें आपल्याकडील नागरिकत्व संपतें. तेव्हां जुना पासपोर्ट रीतसर परत करून त्याचा दाखला घेतला पाहिजे. तो पासपोर्ट भावनेपोटीं पेटींत ठेवून देणारे पुष्कळ आहेत. आठवण म्हणून रद्द केलेला पासपोर्ट परत मिळतो, तो ठेवावा. रद्द न केलेला मात्र वापरूं नये. एका देशाचा निरोप नीट घेतल्यावांचून दुसऱ्याचें स्वागत निर्वेध होत नाहीं.

कोणी म्हणेल, माणसाच्या प्रेमाला आणि परतीला इतक्या कागदांची गरज असावी, हें लाजिरवाणें नव्हे काय? आहेच. सेवाग्रामच्या साधूला नेलें तें लाजिरवाणें होतें. खानखोज्यांना तिष्ठत ठेविलें तें त्याहून लाजिरवाणें होतें. अन्यायाच्या कागदाशीं कसें झुंजावें, हें सेवाग्रामच्या त्या कुटीकडून शिकावें. परंतु जो कागद आपल्या हक्काची साक्ष देतो, त्याचा कंटाळा करणें हें शौर्य नव्हे. नाताळमधील ज्या गरीब मजुरानें आपला ठशाचा दाखला फडक्यांत बांधून जपला, तो परत जाऊं शकला. ज्यानें फुकट तिकिटासाठीं हक्क लिहून दिला, तो जाऊं शकला नाहीं. दोघेही आपलेच होते आणि दोघांसही घरची ओढ सारखीच होती.

तेव्हां परदेशीं निघालेल्या मुलाच्या पेटींत मेतकुटाचा आणि लोणच्याचा डबा भरतांना एक जाड लिफाफाही घालावा. त्यावर आंत जाण्याची तारीख, मुदतीची तारीख आणि तेथून निघतांना कोणत्या कचेरींत जावयाचें, हें त्याच्याकडूनच मोठ्या अक्षरांत लिहवून घ्यावें, आणि त्याची एक नक्कल घरच्या कपाटांत ठेवावी. दही आपण येथें हातावर घालूंच. तेथील उंबरा ओलांडतांना ‘येतों’ म्हणण्याची व्यवस्था मात्र त्यानें स्वतः करावयाची आहे.